मुंबई भाड्याच्या खोलीत वाढली

शिवडीत बीडीडीच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, बारा चाळी आहेत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला. वरळीत तर ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्याही मिळाल्या, १६० चौरस फुटांच्या खोलीतून थेट ५०० चौरस फुटांच्या घरात. शिवडीच्या चाळी मात्र होत्या तशाच उभ्या आहेत, कारण त्यांच्या खालची जमीन मुंबई पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्र सरकारची आहे. कागदोपत्री आता त्याचं नाव 'मुंबई बंदर प्राधिकरण' झालं आहे. गोदीकडच्या माणसांच्या तोंडी अजून पोर्ट ट्रस्टच आहे, म्हणून मीही तेच वापरतो.

या चाळींच्या दोन्ही अंगांना, ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत, याच मालकाची अठराशे एकरांच्या आसपास जमीन पसरली आहे. १९८९मध्ये न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं आणि कंटेनरचा मोठा व्यवहार खाडीपलीकडे गेला. तेव्हापासून कॉटन ग्रीनची गोदामं, लकडी बंदर, दारूखाना हा सगळा पट्टा अर्धा जागा, अर्धा झोपलेला आहे. मुंबई बेटावर एवढी मोठी सार्वजनिक जमीन दुसरी उरलेली नाही. तिचं काय करायचं यावर २०१४मध्ये राणी जाधव समिती बसली, २०१८मध्ये पोर्ट ट्रस्टने आराखड्याचा मसुदा काढला. क्रूझ टर्मिनल, मरीना, उद्यानं, कार्यालयं, हॉटेलं अशी चित्रं आपण अधूनमधून वर्तमानपत्रांत पाहतो.

माझं म्हणणं असं की, या पट्ट्यात जिथे जिथे माणसाला राहता येईल तिथे सरकारने भाड्याची घरं बांधावीत, ती या शहरात राबणाऱ्यांना परवडणाऱ्या भाड्याने द्यावीत आणि त्यांतलं एकही घर, एकही गुंठा कधीही विकू नये. शिवडीच्या फ्लेमिंगोंच्या दलदलीला कोणी हात लावू नये, जुन्या तेलाने आणि रसायनांनी नासलेली माती आधी साफ करावी, उद्यानांसाठी राखलेली जागा उद्यानांनाच द्यावी. हे सगळं करूनही घरांना पुष्कळ जमीन उरते.

भाड्याची घरं म्हटलं की लोक नाक मुरडतात. मालक तो मोठा आणि भाडोत्री म्हणजे आज इथे, उद्या तिथे, असं आपल्या मनात पक्कं बसलंय. पण हे शहर उभं राहिलं ते भाड्यावरच. इंग्लंडच्या राजाने १६६८ साली अख्खी मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली ती वर्षाला दहा पौंड भाड्याने. पुढे गिरण्या आल्या, गोदी आली, रेल्वे आली आणि त्यांच्यामागे लाखो माणसं आली. त्यांतल्या कितीशा माणसांनी इथे घर विकत घेतलं? ती आली खोलीत.

माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातून आले ते लालबागच्या गावकीच्या खोलीत. दहा बाय बाराची खोली, भिंतीकडेने ओळीने लावलेल्या पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर लटकणारे कपडे आणि वीस-बावीस पुरुष. तीन पाळ्यांची गिरणी होती म्हणून एवढी माणसं त्या खोलीत मावायची. रातपाळी संपवून आलेला माणूस ज्या जागी वळकटी पसरायचा, तिथून पहिल्या पाळीचा माणूस तासाभरापूर्वी उठलेला असायचा. खोलीचं भाडं गावच्या मंडळाच्या वर्गणीतून जायचं. खोली कुणा एकाची नव्हती, ती गावाची होती. गावातून नवा पोरगा आला की त्याला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि संपात किंवा आजारपणात ज्याची वर्गणी थकली त्याला बाहेर काढायचीही. जेवण त्याच चाळीतल्या एखाद्या बाईच्या खाणावळीत, हिशेब महिन्याचा. या खाणावळवाल्या बायकांची प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये संघटना बांधली, तीच अन्नपूर्णा महिला मंडळ. गिरणगावाची चूल किती मोठी होती ते तोवर कुणी मोजलंच नव्हतं.

गोव्याहून येणाऱ्यांची सोय वेगळी, पण जात तीच. धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास गोंयकारांचे कूड होते, काही आजही आहेत. एकेका गावाचा एकेक कूड. बोटीवर नोकरी लागेपर्यंत खलाशाने तिथे नाममात्र पैशांत राहायचं, संध्याकाळी गावच्या संताच्या तसबिरीपुढे प्रार्थनेला उभं राहायचं, बोट मिळाली की ट्रंक तिथेच ठेवून निघायचं. मुंबईच्या बंदरातून जगभर गेलेल्या जहाजांवर जो गोवेकर स्वयंपाकी, वाढपी, खलाशी दिसायचा, त्याच्या मागे ही स्वस्त खाट होती.

या खोल्यांचे गोडवे गाणं मला जमणार नाही. आजी त्या खोलीत कधीच राहू शकली नाही. तिच्या वाट्याला गाव, शेत आणि मनिऑर्डर. क्षय त्या खोल्यांतून घरोघरी जायचा. आणि एक गोष्ट सरळ सांगायला हवी. खोली फुकटासारखी होती आणि बायको-पोरं गावाकडच्या भातावर जगत होती, म्हणूनच गिरणीमालकाला कमी पगारात माणूस मिळत होता. गावाने शहराला दिलेलं ते अनुदानच होतं. पण त्यामुळेच खेड्यातला अंगठेबहाद्दर पोरगा तिकीट काढून बोरीबंदरला किंवा भाऊच्या धक्क्याला उतरू शकला आणि दुसऱ्या दिवशी कामाला उभा राहू शकला. आजच्या मुंबईत त्याने कुठे उतरावं?

हा भार गावकीवर सोडून चालणार नाही हे सरकारला कळायला १८९६चा प्लेग यावा लागला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. मग १९२०नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने चाळी बांधायला घेतल्या, त्याच या बीडीडी. त्यांचे पैसे कुठून आले हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला गेला. ज्या कापसावर शहर श्रीमंत होत होतं, त्याच कापसाने कामगाराच्या डोक्यावरचं छप्पर द्यावं, असा तो साधा हिशेब. चाळी काही उत्तम नव्हत्या. तुरुंगासारख्या दिसतात, भाडं जास्त आहे, म्हणून सुरुवातीला कामगारांनीच पाठ फिरवली आणि कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. तरी शंभर वर्षं त्या २०७ चाळींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. परकीय सरकारला जे सुचलं ते आपल्या सरकारला का सुचू नये, हा माझा प्रश्न आहे.

पोर्ट ट्रस्टच्या जमिनीची जन्मकथाही अशीच बोलकी आहे. पूर्व किनाऱ्यावर भर घालून धक्के बांधण्याचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी या खाजगी कंपनीकडे गेलं होतं. एका कंपनीच्या हातात बंदराचा किनारा राहिला तर साऱ्या शहराचा व्यापार तिच्या मुठीत जाईल, हे सरकारच्या लक्षात आलं. १८७०च्या सुमारास सरकारने ती मालमत्ता पैसे मोजून विकत घेतली आणि १८७३मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन केला. नंतर ट्रस्टने समुद्रात भर घालतच राहून जमीन वाढवली. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभं राहिलं. म्हणजे ही जमीन कुणाच्या वाडवडिलांची जहागीर नाही. खाजगी हातांतून सोडवून, गोदीच्या उत्पन्नातून, मजुरांच्या पाट्यांनी ती तयार झाली. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' बोटीचा स्फोट झाला तेव्हा शेकडो माणसं याच जमिनीवर गेली, अग्निशमन दलाचे जवानही गेले. १९४६च्या नाविकांच्या उठावात गिरणगाव रस्त्यावर उतरलं आणि गोळ्या झेलल्या. विक्रीपत्रात यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

अशी जमीन आपण एकदा घालवली आहे. गिरण्यांची.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या आजारी पडल्या, बंद पडल्या, आणि मागे राहिली सहाशे एकरांच्या घरातली जमीन, परळ-लालबाग-वरळीच्या ऐन मध्यावर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं. बंद गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करून आराखडाही दिला, रस्ते, चौक, बागा, घरं सगळं धरून. तो धूळ खात राहिला. २००१मध्ये नियम बदलला आणि तीन वाटे फक्त 'मोकळ्या' जमिनीचे करायचे ठरले. जिथे शेड उभी होती, चिमणी उभी होती, ती जमीन वाटपातून वगळली. गिरणीत मोकळी जमीन असते किती? साच्यांच्या खात्यानेच सगळं आवार भरलेलं असायचं. एका शब्दाच्या व्याख्येने शेकडो एकर सार्वजनिक जमीन गेली. उच्च न्यायालयाने २००५मध्ये हा बदल अडवला, पण मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

त्याचं फळ काय मिळालं ते २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर दिसलं. तेवीस माणसं चेंगरून मेली. ज्या भागात गिरण्यांची माणसं पायी कामावर यायची, तिथे आता डोंबिवली, विरार, पनवेलहून लाखो माणसं गाडीने उतरत होती, कारण काम इथे होतं आणि घर तिथे. पूल मात्र जुना आणि अरुंदच होता. एक तृतीयांश जमीन हातात आली असती तर तिथे रुंद रस्ते झाले असते, मोकळ्या जागा झाल्या असत्या, आणि त्या गर्दीतली काही माणसं त्या दिवशी परळमध्येच राहणारी असती. त्या मृत्यूंना मी अपघात म्हणायला तयार नाही. तीन महिन्यांनी, डिसेंबरच्या २९ला, कमला मिल आवारातल्या आगीत आणखी चौदा गेले.

गिरणी कामगारांना घरं मिळाली का? २०१२च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं होती. अर्ज दीड लाखाच्या आसपास. त्यानंतरच्या सगळ्या सोडती धरल्या तरी आकडा पंधरा-सोळा हजारांच्या आसपासच राहतो. उरलेल्यांना आता मुंबईपासून दूर, शेलू-वांगणीची घरं दाखवली जातात. माझे वडील बदली कामगार म्हणून लागले होते, नंतर कायम झाले, संपानंतर कुठे कुठे राखणदारी केली. अर्जाची पावती त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघराखालच्या खणात ठेवली होती. ते गेल्यावर ती आता माझ्याकडे आहे.

आता मुख्य मुद्दा, विकत का नको आणि भाड्याने का हवं.

आपल्याकडे गेली तीस वर्षं घरांचं एकच यंत्र चालतं. जमिनीवर जादा चटई क्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी द्यायची, बिल्डरने काही घरं फुकट बांधून द्यायची, उरलेली बाजारात विकून पैसे काढायचे. झोपडपट्टी पुनर्वसन, जुन्या चाळी, बीडीडी, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. सरकारला खिशात हात घालावा लागत नाही, म्हणून प्रत्येक सरकारला ते आवडतं. पण या यंत्राला चालायला महागडं घर लागतं. बाजारभाव उतरला तर यंत्र बंद पडतं. म्हणजे गरिबाचं घर व्हायचं असेल तर शेजारी श्रीमंताचं घर आणखी महाग व्हायलाच हवं, अशी ही रचना आहे. २०११च्या जनगणनेत मुंबईत साडेचार लाखांहून अधिक घरं रिकामी होती आणि त्याच मुंबईत चाळीस टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहत होते. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे मूळ बेटाची, लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली.

आणि जी घरं फुकट किंवा स्वस्तात मालकीने मिळतात त्यांचं पुढे काय होतं हेही आपण सगळे जाणतो. टॉवरचा देखभाल खर्च, लिफ्ट, पाणी, आणि समोर उभा राहिलेला दलाल. मुलीचं लग्न निघतं, मुलाचं शिक्षण निघतं, घर विकलं जातं, कुटुंब बदलापूरला जातं. त्या कुटुंबाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. हातात आलेली एकमेव मोठी रक्कम त्यांनी वापरली. पण शहराने त्या घरासाठी दिलेली जमीन कायमची बाजारात गेली. पुढच्या वर्षी रुजू होणाऱ्या परिचारिकेला, बेस्टच्या वाहकाला, सफाई कामगाराला, गोदीतल्या हमालाला द्यायला सरकारकडे काहीच उरलं नाही. मराठी माणूस मुंबईबाहेर गेला म्हणून प्रत्येक निवडणुकीत गळे काढले जातात. तो एकेका खोलीच्या विक्रीने गेला, आणि विकण्यापलीकडे दुसरा रस्ता आपण त्याला ठेवलाच नव्हता. भाड्याचं सार्वजनिक घर एक कुटुंब सोडून गेलं की दुसऱ्याच्या कामी येतं. गावकीच्या खोलीचा नियम तोच होता.

यावर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. पहिला म्हणजे, भाड्याच्या इमारती पडतात. खरंच पडतात. २०१७मध्ये भेंडीबाजारात, २०१९मध्ये डोंगरीत इमारती कोसळल्या. पण त्या का पडल्या? १९४७च्या भाडे कायद्याने १९४० सालचं भाडं गोठवून ठेवलं. ज्या भाड्यात आज वडापाव येत नाही त्या भाड्यात इमारत कोण दुरुस्त करणार? मालकाने सोडून दिलं, सरकारने उपकर घेऊन टेकू लावले, आणि पागडीच्या नावाखाली काळा पैसा फिरत राहिला. यातून शिकायचं ते एवढंच की भाडं उत्पन्नाशी आणि महागाईशी बांधलेलं असावं, दरवर्षी थोडं वाढावं, आणि त्यातला ठरलेला हिस्सा फक्त दुरुस्तीच्या खात्यात जावा.

दुसरा आक्षेप पैशांचा. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. मरीन ड्राइव्ह ते वरळी या सागरी किनारा मार्गावर तेरा हजार कोटींच्या वर खर्च झाला, आणि त्यावर आपण मोटारी चालवतो, लोकल नव्हे. घराच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा जमिनीचा असतो, तो इथे शून्य आहे. राहिला बांधकामाचा खर्च, तो दीर्घ मुदतीच्या कर्जातून उभा करता येतो, कारण भाडं दर महिन्याला येतं. पोर्ट ट्रस्टवर हजारो निवृत्तांच्या पेन्शनचा बोजा आहे, त्याला उत्पन्न हवं, हेही मला मान्य आहे. ते बॅलार्ड इस्टेटसारख्या कार्यालयांच्या भाडेपट्ट्यांतून यावं. जमीन विकून आलेली पेन्शन एकदाच मिळते.

तिसरा आक्षेप मला जास्त सलतो: सरकारी भाड्याच्या घरात कोण राहणार, हे ठरवणार कोण? शिफारशीवाले, दलाल, नगरसेवकाची माणसं शिरणार नाहीत याची खात्री काय? खात्री आज देता येत नाही. गावकीच्या खोलीत गावाची नजर होती. इथे रहिवाशांच्या समित्यांना, कामगार संघटनांना आणि रुग्णालयांपासून बेस्टपर्यंतच्या सार्वजनिक संस्थांना वाटपात जागा द्यावी लागेल आणि यादी उघड भिंतीवर लावावी लागेल. हे अवघड आहे, पण विक्रीच्या सोडतीतही गैरव्यवहार होतातच. भाड्याचं चुकलेलं वाटप पुढे सुधारता तरी येतं.

बाहेरच्या शहरांनी हे केलं आहे. व्हिएन्नाने पहिल्या महायुद्धानंतर, खिशात दमडी नसताना, सुखवस्तूंवर घरकर बसवून नगरपालिकेची भाड्याची घरं बांधली. आज तिथली निम्म्याहून अधिक माणसं नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, आणि त्यात शिक्षकही असतो, डॉक्टरही असतो. जुन्या गोद्यांचं म्हणाल तर लंडनने १९८१मध्ये महामंडळ काढून आपल्या गोद्या खाजगी विकासाला मोकळ्या केल्या. तिथे कॅनरी व्हार्फ हे उंच कार्यालयांचं केंद्र उभं राहिलं आणि जुन्या गोदी कामगारांची वस्ती त्याच्या सावलीत गरीबच राहिली. आपल्या आराखड्यांतली चित्रं मला लंडनच्या वाटेची वाटतात.

आणि मुंबईत सरकार भाड्याच्या घरांचं नाव काढतं ते कुठे? धारावीच्या पुनर्विकासात घराला 'अपात्र' ठरलेल्यांसाठी, मुलुंड-भांडुप-कांजूरच्या सुमारे २५५ एकर मिठागरांच्या जमिनीवर. म्हणजे भाड्याचं घर ही अपात्रांची शिक्षा, तीही पावसाचं पाणी जिरायला शहराने राखून ठेवायला हव्या होत्या अशा जमिनीवर. भाड्याचं घर या शहराच्या मधोमध, हार्बर लाइनच्या स्टेशनला लागून हवं. देशातली पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ला याच हार्बरच्या रुळांवरून कुर्ल्याला गेली. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा. इतकी स्टेशनं तयार आहेत आणि त्यांच्या पूर्वेला जमीन आहे. पहाटेच्या पाळीला परळच्या रुग्णालयात हजर व्हायचं म्हणून तीन वाजता कल्याणला उठणारी बाई तिथे राहिली तर तिची रोजची चार तासांची झोप परत येईल.

सुरुवात शिवडीच्या बारा चाळींपासून करता येईल. केंद्राने ती जमीन राज्याला द्यावी, पण 'विक्रीस कायमची मनाई' एवढं एक कलम हस्तांतरणाच्या कागदावर लिहून. तिथल्या रहिवाशांना इतर बीडीडीवाल्यांइतकं, पाचशे चौरस फुटांचं घर हक्काने मिळावं, त्याबाबत त्यांच्यावर अन्याय नको. मात्र त्या आवारात विक्रीचे टॉवर उभे करण्याऐवजी भाड्याच्या घरांच्या इमारती बांधाव्यात, आणि त्यांचं पहिलं वाटप ज्या गिरणी आणि गोदी कामगारांचे अर्ज पडून आहेत त्यांच्या मुलानातवंडांना व्हावं. माझ्याकडची वडिलांची पावती घेऊन त्या रांगेत उभं राहायला मी तयार आहे, भाडं भरण्याच्या अटीवर.